कुलूप उघडणारा आणि किल्ल्यांची वही मागणारा

गोव्यात फर्मागुढीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला माझा भाचा चतुर्थीला घरी आला होता. म्हणाला, "मामा, मी सायबर सिक्युरिटीत जाणार. पेनटेस्टर नाहीतर आयटी ऑडिटर. तसं एकच काम ना?"

एकच नव्हे. पेनटेस्टर मालकाच्या परवानगीने सिस्टम फोडून बघतो, ऑडिटर ठरलेले नियम पाळले जातात का ते पुराव्यानिशी तपासतो. पण घोटाळा होतो खरा. दोघेही बाहेरून लॅपटॉप घेऊन येतात, दोघेही चुका काढतात, आणि अहवाल आला की आयटीवाल्याचं तोंड दोन्ही वेळा सारखंच उतरतं.

देवळातली फंडपेटी, म्हणजे दानपेटी घ्या. पेनटेस्टर कुलूप हलवून बघेल, बिजागरीचे स्क्रू बाहेरून निघतात का ते पाहील, मागच्या दाराने आत शिरता येतं का ते तपासेल. पेटी उघडलीच तर कशी उघडली ते फोटोंसकट लिहून देईल. ऑडिटर पेटीला हातही लावणार नाही. किल्ल्या किती, त्या कुणाकडे, उघडताना किती महाजन (देवस्थानचे सभासद) हजर हवेत असा ठराव आहे, आणि मागच्या जत्रेनंतर उघडली तेव्हाच्या सह्या कुठे आहेत, हे तो विचारेल. ठराव तिघांचा आणि सह्या दोघांच्या, तर पैसा न पैसा जुळत असला तरी त्याची नोंद होणारच.

आता हेच आपल्याकडच्या हॉटेलात बघा. पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो, पावसाच्या तोंडावर निम्मी माणसं गावी जातात, पुढच्या वर्षी नवी येतात. गेलेल्यांचे लॉगिन मात्र तसेच चालू राहतात. रिसेप्शनवर तर तीन पाळ्यांना मिळून एकच पासवर्ड, तोही कीबोर्डखाली चिकटवलेला. पेनटेस्टरला असं एक जुनं खातं सापडलं की तो त्यातून बुकिंगच्या सिस्टममध्ये जातो, तिथून आणखी पुढे कुठे सरकता येतं ते बघतो. त्याला एक वाट पुरते. ऑडिटर मात्र मनुष्यबळ विभागाकडून सोडून गेलेल्यांची यादी मागतो, चालू खात्यांची यादी शेजारी ठेवतो, त्यातली काही नावं नमुना म्हणून उचलतो आणि विचारतो: माणूस गेल्याचं आयटीला कळवायचं कुणी? बहुतेकदा उत्तर असतं, "तसं काही ठरलेलं नाही." पेनटेस्टरने दाखवलेलं खातं दुसऱ्या दिवशी बंद होतं. ऑडिटरने दाखवलेलं भोक बुजवायला अख्खा हंगाम जातो. म्हणून मला ऑडिटचं काम जास्त मोलाचं वाटतं. भाच्याला ते पटलं नाही.

पेनटेस्टरने एक गोष्ट कधी विसरू नये: लेखी परवानगी. आयटी कायद्याच्या कलम 66 खाली परवानगीशिवाय अप्रामाणिक हेतूने दुसऱ्याच्या संगणकात शिरण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हेतू चांगला होता हे पोलीस चौकीत पटवत बसण्यापेक्षा आधी कागद घ्यावा. आणि कागद असूनही गोत्यात येणारे असतात. 2019 साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात दोन पेनटेस्टर रात्री न्यायालयाच्या इमारतीत शिरले. काम राज्याच्या न्याययंत्रणेनेच दिलेलं, पत्रही खिशात. पण इमारत काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची, तेव्हा परवानगी द्यायचा अधिकार राज्याला नाही, असं तिथल्या शेरीफने धरलं आणि दोघे तुरुंगात गेले. पुढच्या वर्षी जानेवारीत खटला मागे घेतला गेला. परवानगी देणाऱ्याला ती देण्याचा हक्क आहे का, हेही बघावं लागतं ते असं.

परीक्षांवरूनही स्वभाव कळतो. पेनटेस्टरांची ओएससीपी ही जवळजवळ चोवीस तासांची प्रात्यक्षिक परीक्षा. समोरच्या मशिन फोडायच्या आणि पुढच्या चोवीस तासांत अहवाल द्यायचा. ऑडिटरांची सिसा म्हणजे चार तासांत 150 बहुपर्यायी प्रश्न. वरवर सोपी, पण नुसती पास होऊन प्रमाणपत्र मिळत नाही. पाच वर्षांचा अनुभव लागतो, शिक्षणामुळे त्यात थोडी सूट मिळते. या दुसऱ्या वाटेवर सीएसुद्धा भेटतात, कारण त्यांच्या संस्थेचा माहिती प्रणाली ऑडिटचा वेगळा अभ्यासक्रम आहे.

जाहिरातीत हमखास दिसणारं 'व्हीएपीटी' (व्हल्नरेबिलिटी असेसमेंट, म्हणजे कच्चे दुवे शोधणं, आणि पेनटेस्ट) हे तिसरंच प्रकरण. त्यातलं 'व्हीए' म्हणजे बरेचदा नेसससारखं स्कॅन करणारं टूल चालवून निघालेली कच्च्या दुव्यांची यादी. तीच यादी रंगीत वेष्टनात पेनटेस्ट म्हणून विकणारेही आहेत. पहिली नोकरी घेताना एवढं विचारून घ्यावं.

गोव्यात राहूनच काम करायचं तर? रिझर्व्ह बँकेने 31 डिसेंबर 2019 च्या परिपत्रकाने नागरी सहकारी बँकांचे सायबर सुरक्षेसाठी चार स्तर पाडले. जितके डिजिटल व्यवहार जास्त, तितक्या अटी कडक. त्या पाळल्या की नाहीत, हे पुराव्यानिशी बघणारा माणूस लागतोच, आणि त्याला शाखेत जाऊन बसावं लागतं. वेबसाइट किंवा ॲप तपासणाऱ्या पेनटेस्टरला म्हापशात बसून सिंगापूरचं काम करता येतं. पण मग त्याची स्पर्धाही जगभरातल्यांशी.

भाच्याला मी म्हटलं, आधी दोन वर्षं कुणाचं तरी नेटवर्क सांभाळ. फायरवॉलचे नियम रात्री दोन वाजता घाईने कोण आणि का बदलतं, हे कळणं दोन्ही कामांना लागतं. तो 'बरं' म्हणाला. मग नेवरी खाता खाता विचारलं, "मामा, आपल्या फंडपेटीच्या किल्ल्या खरंच कुणाकडे असतात?"