अन्यथा हवा सोडली जाईल

ठाण्यात मे महिन्यात पंखा पाचावर ठेवूनही रेंगाळतो, तेव्हा बोट आधी व्होल्टेजकडे जातं. दोष बहुतेकदा कंडेन्सरचा, म्हणजे वीज क्षणभर साठवणाऱ्या छोट्या डबीचा असतो. छताच्या पंख्याला साधारण २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लागतो. बदलत्या प्रवाहाला तो जो विरोध करतो, त्याला म्हणतात रिअॅक्टन्स. ५० हर्ट्झला तो सुमारे १२७३ ओहम भरतो. कंडेन्सर म्हातारा होऊन १.५ वर उतरला की तोच २१२२ ओहम होतो. मग मोटरमधल्या दुसऱ्या वाइंडिंगला, म्हणजे कंडेन्सरमधून वीज घेणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला, पुरेसा प्रवाह मिळत नाही, फिरतं चुंबकीय क्षेत्र लंगडं पडतं आणि पंखा नुसता गुणगुणतो.

तपासायचं तर एमसीबी पाडा, कंडेन्सर डिस्चार्ज करा, एक वायर सोडवा आणि मीटरवर मोजा. २ च्या खाली गेला असेल तर तेवढ्याच, २.५ च्या क्षमतेचा आणि ४४० व्होल्टचा नवा बसवा. जास्त वेगाच्या लोभाने ४ चा घातलात तर वाइंडिंग तापेल.

रिअॅक्टन्स आणि साधा रोध यांत एक मोठा फरक आहे. रोधात वीज उष्णता होऊन जाते, म्हणून तारेचे जुने रेग्युलेटर तापायचे. कंडेन्सर मात्र ५ मिलिसेकंद ऊर्जा साठवतो आणि पुढच्या ५ मिलिसेकंदांत परत करतो. म्हणूनच कंडेन्सरवाला नवा रेग्युलेटर गार राहतो.

रिअॅक्टन्स हाच शब्द मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये मानसशास्त्रात आणला. एखादी गोष्ट करायची मुभा आपल्याला आहे असं माणूस धरून चालतो. ती कुणी हिरावू पाहिली की ती परत मिळवायची ओढ लागते. मुभा जितकी मोलाची आणि दटावणी जितकी कडक, तितकी ही ओढ जोरदार. १९७६ मध्ये पेनबेकर आणि सँडर्स यांनी विद्यापीठाच्या स्वच्छतागृहांत दोन प्रकारच्या पाट्या लावल्या. 'कृपया भिंतीवर लिहू नका' या पाटीपेक्षा कडक मनाईच्या पाटीवर जास्त खरडलं गेलं. मनाला मात्र कंडेन्सरसारखं सूत्र नाही, ओहममध्ये ही ओढ मोजता येत नाही.

ऐरोलीतल्या सोसायटीच्या फाटकावर 'येथे गाडी लावू नये, अन्यथा हवा सोडली जाईल' लिहिलं की तिथेच गाडी लावायची खुमखुमी येते. त्याऐवजी असं लिहून पाहावं: 'पाण्याचा टँकर इथून वळतो. गाडी पलीकडच्या रांगेत लावलीत तर त्याला वाट मिळेल.'