शनवार तेल्यांची वाळवंटवारी

अलिबाग, पेण, रेवदंड्याकडची मुळं सांगणारी बेने इस्राएल मंडळी, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, इस्रायलच्या यात्रेला निघाली, की जेरुसलेमची पश्चिम भिंत झाल्यावर दोन-तीन दिवस वाळवंटाचे असतात : मसादा, कुमरान, बैर-शेबा, आणि वेळ उरला तर तेल अराद, मामशित. वसईचे ख्रिस्ती यात्रेकरूही कुमरानला उतरतात, पण त्यांचं मन बेथलेहेम आणि गालीलकडे लागलेलं असतं. बेने इस्राएलांना मात्र टूरवाले सांगतात, 'हे तुमचं मूळ गाव.' ते अर्धंच खरं आहे.

या समाजाची परंपरागत कथा अलिबागजवळच्या नवगावात सुरू होते. चौलच्या खाडीच्या उत्तरेला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. समुद्राने बाहेर टाकलेली प्रेतं नवगावात पुरली. ती जागा आजही दाखवतात. ग्रंथ बुडाले. राहिलं ते 'शेमा' हे एकच प्रार्थनावचन, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याची शिस्त. म्हणून गावाने नाव दिलं शनवार तेली. (सोमवारी घाणा न चालवणारे सोमवार तेलीही होते, त्यामुळे हे नाव कोकणात कोणाला विचित्र वाटलं नसावं.) किहीमचे ते केहिमकर, दिव्याचे दिवेकर, रोह्याचे रोहेकर.

यांची यात्राही कोकणातच होती. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याच्या रथाच्या खुणा मानतात. तिथे पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडा आणि फळं घालून मलिदा केला जायचा, अजूनही होतो. लोकांच्या तोंडी त्या सणाचं नाव 'एलियाहू हनाबीचा उरूस'. वाळवंट त्या वेळी या यात्रेत कुठेच नव्हतं. ते आलं एकोणिसाव्या शतकात, कागदावरून. १८२९ साली मुंबईत आलेल्या जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने समाजातल्या मुलांना हिब्रू शिकवलं. त्याला धर्मांतर हवं होतं, समाजाला मिळाला स्वतःचाच ग्रंथ. मराठी बायबलातून बैर-शेबा, अराद ही नावं घराघरांत गेली, आणि १८८०च्या सुमारास अब्राहामासारख्या पूर्वजांवर चक्क मराठी कीर्तनं उभी राहिली.

आता तारखांचा घोळ. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ साली समाजाचा इतिहास लिहून ठेवला (छापला गेला १९३७ साली). त्यांचं म्हणणं, पूर्वज इ.स.पू. १७५च्या सुमारास निघाले. आधार असा : कोकणातल्या या लोकांना हनुक्का हा सण ठाऊकच नव्हता, आणि हनुक्का आहे इ.स.पू. १६४ मध्ये जेरुसलेमचं मंदिर पुन्हा शुद्ध केल्याचा. म्हणजे त्याआधीच गलबत सुटलेलं. पुराव्याने हे सिद्ध झालेलं नाही. बरेच अभ्यासक येमेन किंवा इराणमार्गे बऱ्याच नंतरचं आगमन मानतात, आणि २०१६ सालच्या एका जनुकीय अभ्यासाने ज्यू आणि स्थानिक वंशांचा संकर सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा ठरवला. पण कोकणातली कथा प्रमाण मानायची, तर एक गंमत पत्करावी लागते.

ती गंमत म्हणजे मसादा. मृत समुद्राच्या काठचा हा सुटा कडा पाण्यापासून चारशे मीटरहून उंच. हेरोद राजाने इ.स.पू. पहिल्या शतकात त्यावर महाल, कोठारं आणि पाण्याची प्रचंड टाकी खोदवली. इ.स. ६६ च्या रोमविरुद्धच्या बंडात ज्यू बंडखोरांनी किल्ला घेतला. ७० मध्ये जेरुसलेमचं मंदिर पडलं, आणि ७३ किंवा ७४ मध्ये रोमन सेनापती फ्लाव्हियस सिल्वाच्या दहाव्या लीजनने, म्हणजे फौजेने, पश्चिमेकडून मातीदगडांचा उतार रचून तट फोडला. त्या काळचा ज्यू इतिहासकार जोसीफस लिहितो, ९६० जणांनी शरण जाण्याऐवजी मरण घेतलं. दोन बायका आणि पाच मुलं वाचली. रोमन छावण्यांचे चौकोन वरून अजून स्पष्ट दिसतात. हे सगळं केहिमकरांच्या हिशेबाने नवगावचं गलबत फुटल्यावर अडीचशे वर्षांनी घडलं. थळ-किहीमला घाणे फिरत होते तेव्हाची ही गोष्ट! मृत समुद्राकाठचीच कुमरानची वस्ती, जिथल्या गुहांत जुन्या गुंडाळ्या सापडल्या, तीसुद्धा बहुतेक त्या प्रवासानंतरचीच.

शिवाय मसादा ही धर्माने सांगितलेली यात्रा नव्हेच. तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात तिचा उल्लेख नाही. जागा नेमकी कुठली हेही विस्मरणात गेलं होतं. १८३८ साली रॉबिन्सन आणि स्मिथ यांनी एन गेदीहून दुर्बिणीतून ती ओळखली. १९४०च्या दशकात श्मर्याहू गुटमन तरुणांच्या टोळ्या वर नेऊ लागला, १९६३ ते ६५ मध्ये यिगाएल यादिनने अनेक देशांतल्या स्वयंसेवकांना घेऊन उत्खनन केलं, आणि १९७१ साली रोपवे आला. मसादाचं तीर्थ झालं ते असं, विसाव्या शतकात. उत्खननात सापडलेल्या सभास्थानाच्या जमिनीखाली यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथाचे तुकडे मिळाले, सुकलेल्या हाडांना पुन्हा जीव येतो त्या अध्यायाचे. तिथे उभं राहिलं की अंगावर काटा येतो, हे नाकारत नाही. चढून धाप लागली की आठवावं : मृत समुद्र इतका खोल आहे, की माथा अलिबागच्या किनाऱ्याहून जेमतेम पन्नास-साठ मीटरच वर भरतो.

मला विचाराल तर कोकणातल्या माणसाने मसादाला एक तास कमी द्यावा आणि तो तेल अरादला द्यावा. १९६०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ योहानान अहारोनीने तिथल्या यहूदी किल्ल्यात एक छोटं मंदिर उघडं केलं, इ.स.पू. आठव्या शतकाच्या आसपासचं. गाभाऱ्याच्या तोंडाशी चुनखडीच्या दोन वेद्या. २०२० साली त्यांवरचा काळा थर तपासला, तेव्हा एकीवर अरबस्तानातल्या झाडाचा सुगंधी डिंक निघाला आणि दुसरीवर चक्क गांजा. (तिथे आता प्रतिकृती आहेत, मूळ वेद्या जेरुसलेमच्या संग्रहालयात.) कोणतीही तारीख धरा, हा काळ गलबताआधीचाच. जेरुसलेमबाहेर वेदी नको, असा दंडक पुढे कडक झाला. कोकणात मात्र मलिद्याच्या ताटाशेजारी ऊद जाळायची रीत टिकली. दोन्हींचा थेट धागा कोणी दाखवलेला नाही, पण अरादला ऊदाची आठवण येते ती येतेच.

राहिला वाटेचा प्रश्न. भारताने इस्रायलला १९५० साली मान्यता दिली, पूर्ण राजनैतिक संबंध मात्र २९ जानेवारी १९९२ पासूनचे. मधल्या काळात हजारो बेने इस्राएल तिकडे राहायला गेले, सहलीला नव्हे. तिथे त्यांच्या लग्नांवरच रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, शंका घेतली. धरणं धरावं लागलं, तेव्हा १९६४ साली इस्रायलच्या संसदेने ते पूर्ण ज्यू असल्याचं जाहीर केलं. तिथल्या सरकारने बऱ्याच कुटुंबांना नेगेवच्या वाळवंटातल्या नव्या वसाहतींत उतरवलं होतं : बैर-शेबा, येरुहाम, १९५५ साली वसलेलं दिमोना.

दिमोनापासून सातआठ किलोमीटरवर मामशित आहे. धूप आणि मसाल्यांच्या व्यापारवाटेवरचं नबाती या प्राचीन अरब लोकांचं हे गाव २००५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं. अवशेषांत मोठा तबेला आहे, भित्तिचित्रं आहेत, बिझंटाइन काळातली दोन चर्च आहेत. पण बसमधले बरेच जण तिथे घाई करतात. पलीकडे दिमोनात मावशी जेवायला थांबलेली असते, आणि ती मराठीतच विचारणार असते, 'उशीर का झाला?'