ॲक्युपंक्चर: सुईची संवेदना आणि शरीरातील कार्य

शरीरावरील ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून मुख्यतः वेदना कमी करण्याची ही मूळची चिनी उपचारपद्धती. हिला सूचिचिकित्सा असेही म्हणतात. कोकणपट्टीत हिच्याकडे माणूस वळतो तो बहुधा कमरेपायी. आषाढात दिवसदिवस चिखलात वाकून भाताची लावणी केली, होडीवर जाळी ओढली किंवा एका बैठकीत काजू सोलले की कंबर धरते, मान आखडते. शेक, मलम, गोळ्या झाल्या की कुणीतरी ‘सुया लावून बघ’ म्हणते.

सुईची धास्ती इंजेक्शनच्या आठवणीतून येते. इंजेक्शनची सुई पोकळ, तिरक्या धारेची असते. ही भरीव असते आणि तिची जाडी साधारण 0.16 ते 0.30 मि.मी. एवढीच. त्वचेतून जाताना मुंगी चावल्यासारखे वाटते, कधी तेही नाही. करवंदीचा काटा रुतल्यावर जशी झणकन कळ जाते तशी कळ आली, तर ती लगेच सांगावी. खरी संवेदना सुई स्नायूत पोचून हलकेच फिरवली की येते: मंद ठणका, जडपणा, भरून आल्यासारखे, मुंग्या. चिनी परंपरेत हिला ‘देची’, म्हणजे ‘ची’ (प्राणशक्ती) हाती लागणे, म्हणतात. मालवणी माणूस ‘हात जड झालो’, ‘आतून ओढता’ म्हणतो. याहून नेमके वर्णन अवघड आहे. अंगठा तर्जनीला चिकटवला की दोघांमध्ये स्नायूचा उंचवटा दिसतो. तिथे ‘हेगू’ हा बिंदू आहे. तो दुसऱ्या अंगठ्याने खोलवर दाबला की देचीची पुसटशी ओळख होते.

हा ठणका हीच यामागची कार्यपद्धती समजण्याची किल्ली आहे, कारण तो मज्जातंतूंचा संदेश आहे. बिंदूच्या खोल भागात भूल दिली की सुईचा वेदनाशामक परिणाम ओसरतो. 1965 मध्ये मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी मांडलेल्या ‘द्वार’ सिद्धान्तानुसार मज्जारज्जूत एक संदेश दुसऱ्याची वाट अडवू शकतो; दुखऱ्या जागी चोळल्यावर बरे वाटते ते यामुळेच. पुढे मेंदू स्वतःची वेदनाशामके, एंडॉर्फिन, सोडतो. अफूजन्य औषधांचा परिणाम उलटवणारे नॅलोक्सोन दिल्यावर सुईने आलेला आराम कमी झाला, असे 1977 मधील प्रयोगात दिसले. सुई फिरवली की संयोजी ऊतीचे (शरीराचे भाग जोडून, धरून ठेवणाऱ्या पेशीजालाचे) तंतू तिच्याभोवती गुंडाळले जातात आणि आसपासच्या पेशी ताणल्या जातात. उंदरांवरच्या 2010 मधील अभ्यासात सुईजवळ ॲडिनोसिन हे वेदना दाबणारे द्रव्य वाढलेले आढळले.

परंपरा मात्र ‘ची’ वाहून नेणाऱ्या 14 वाहिन्या आणि 361 बिंदूंचा नकाशा मांडते. शवविच्छेदनात अशा वाहिन्या सापडलेल्या नाहीत. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील चाचणीत जुनाट कंबरदुखीचे 1,162 रुग्ण होते. सहा महिन्यांनी पारंपरिक बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी 47.6 टक्के, भलत्याच जागी वरवर सुया घेतलेल्यांपैकी 44.2 टक्के आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी 27.4 टक्के रुग्णांना गुण आला. म्हणजे आराम खरा होता, पण बिंदूच्या नेमकेपणाचा वाटा फार थोडा. टोचणे, स्पर्श, अर्धा तास पडून मिळालेली विश्रांती आणि बरे वाटेल ही आशा यांचा एकत्रित परिणाम त्यात असावा. दुखणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तो आराम क्षुल्लक नाही. पण त्यावरून प्रत्येक रोगावर सुई चालते असे सांगणे गैर आहे.

महाराष्ट्रात या पद्धतीसाठी 2015 चा कायदा आहे. उपचारकाची नोंदणी विचारायला संकोचू नये. सुया एकदाच वापरायच्या, पाकीट आपल्यासमोर फोडलेले असावे. छातीवर सुई फार खोल गेली तर फुप्फुसाभोवती हवा शिरू शकते; हे क्वचित घडते, पण गंभीर असते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, पेसमेकर यांची कल्पना आधी द्यावी. लावणी उरकून श्रावणात उपचाराला जाणाऱ्यांनी सोमवारच्या उपासात, रिकाम्या पोटी सुया लावून घेऊ नयेत, भोवळ येते.

पावसाळ्यात शेतात राबल्यानंतर तापासह अंग आणि विशेषतः पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर सुयांची वाट धरू नये. तो लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंमुळे होणारा आजार असू शकतो. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठून रक्त तपासावे. कंबरदुखीबरोबर पायातले बळ गेले किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर थेट रुग्णालयात जावे.