पार्श्वभूमी : ‘प्रेस’ या शब्दातील गुंता

नाशिकरोडला एखादी व्यक्ती ‘प्रेसमध्ये आहे’ असे म्हटले, तर ती पत्रकार असेल असे कोणाच्याही मनात येत नाही. लंडनहून छापून येणारी टपाल तिकिटे देशातच छापावीत म्हणून 1925 मध्ये तेथे सरकारी मुद्रणालय सुरू झाले, 1928 पासून नोटांची छपाई होऊ लागली आणि या शब्दाला परिसरात एकच अर्थ उरला.

मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ दाबणे असा आहे. पंधराव्या शतकाच्या मध्यास जर्मनीतील माइंझ येथे खिळ्यांची, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांची छपाई सुरू झाली, तेव्हा द्राक्षे, कापड आणि कागद दाबणारी मळसूत्री यंत्रे युरोपात रुळलेली होती. त्यांपैकी नेमके कोणते यंत्र छपाईसाठी नमुना ठरले याविषयी मतभेद असले, तरी द्राक्षांच्या यंत्राचे नाव बहुधा आधी घेतले जाते. राज्याच्या 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणानंतर नाशिक जिल्ह्यात वाढलेल्या वायनरींतही ‘प्रेस’ असतो; आतील पडदा हवेने फुगतो, द्राक्षे सच्छिद्र पिंपाच्या भिंतीशी दाबली जातात आणि रस बाहेर पडतो.

खरा गुंता वेगळ्याच अर्थाचा आहे. इंग्लंडच्या नौदलात माणसांना बळजबरीने भरती करण्यालाही ‘प्रेस’ म्हणत, आणि दबाव टाकून नेले म्हणून ‘प्रेस’ ही उपपत्ती इतकी सोयीची वाटते की ती सहसा कोणी तपासत नाही. प्रत्यक्षात हा ‘प्रेस्ट’ या निराळ्या शब्दाचा अपभ्रंश आहे. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचा अर्थ उसनी किंवा आगाऊ दिलेली रक्कम, म्हणजे ऊसतोड मजुराला मुकादम देतो तशी उचल. ती हाती घेतली की माणूस सेवेला बांधला जाई. पुढे पैशापेक्षा जबरदस्तीच अधिक ठळक झाली आणि सोळाव्या शतकात शब्दाचे रूपही दाबण्याच्या क्रियापदाकडे सरकले. सरकारी कार्यालयांत किरकोळ खर्चासाठी हाताशी ठेवली जाणारी ‘इम्प्रेस्ट’ रक्कम याच कुळातली आहे. म्हणून हा अर्थ कोशात स्वतंत्र नोंदीखालीच यायला हवा. तो दाबण्याच्या अर्थाखाली पोटअर्थ म्हणून देणे ही निव्वळ आळशी सोय आहे.

छापखान्यावरून छापील मजकूर, त्यावरून वृत्तपत्रे आणि शेवटी वार्ताहर, हा प्रवास त्या मानाने सरळ आहे. छपाईशी काहीही संबंध नसलेल्या वृत्तवाहिन्यांचे प्रतिनिधीही आज गाडीच्या काचेवर ‘प्रेस’ लिहितात, आणि मोबाइलवर पाठवलेल्या निवेदनाला ‘प्रेस नोट’च म्हटले जाते.