शाळापूर्व तयारी

शाळापूर्व तयारी : अंगणवाडी, बालवाडी किंवा शिशुवर्गातून इयत्ता पहिलीत जाणाऱ्या मुलाला नवी जागा, नवे शिक्षक आणि शिकण्याची बदललेली रीत परकी वाटू नये, यासाठी घर, अंगणवाडी व शाळा यांनी मिळून केलेले प्रयत्न. मुळाक्षरे आणि शंभरपर्यंतचे अंक आधीच घोटून घेणे म्हणजे तयारी, हा समज पालकांत खोलवर रुजलेला असला, तरी तो चुकीचा आहे. बोटांत पेन्सिल धरण्याची ताकद येण्याआधीच लिखाणाची सक्ती झाली, तर मूल लिहिण्यालाच कंटाळते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेण्यास मनाई केली आहे, ती याच दृष्टीने महत्त्वाची ठरते.

महाराष्ट्रात या विचाराला जुनी परंपरा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभारले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, ही त्यांची भूमिका होती, आणि शिंपले, बिया, पाने, खडे यांसारख्या परिसरातील वस्तू हीच त्यांची शैक्षणिक साधने होती.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा सलग पायाभूत स्तर मानला. त्यानुसार २०२१ मध्ये पहिलीच्या आरंभी तीन महिने खेळातून शिकवण्याचा ‘विद्या प्रवेश’ हा कार्यक्रम आला, तर महाराष्ट्रात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारी अभियान राबवले गेले. त्यातील पहिला मेळावा उन्हाळी सुट्टीपूर्वी, तर दुसरा जूनमध्ये शाळा उघडताना भरतो. नोंदणीनंतर मूल आईबरोबर एकेका टेबलापाशी जाते : कुठे आखलेल्या रेषेवरून तोल सांभाळत चालायचे, कुठे कागद फाडून चिकटवायचा, कुठे चित्र पाहून गोष्ट सांगायची, कुठे खडे मोजून कमी-जास्त ओळखायचे. काय जमले आणि कशाला मदत लागली, याची नोंद विकासपत्रात होते. हे गुणपत्रक नव्हे. सुट्टीत घरी कशाचा सराव घ्यायचा, हे त्यावरून कळते. वस्तीतील मातांचे गट करून त्यांना कृतिपत्रिका दिल्या जातात. भाजी निवडताना वर्गीकरण, पोळ्या मोजताना संख्या, असा हा सराव घरकामातच होतो, त्यामुळे फारसे न शिकलेल्या आईलाही तो घेता येतो. अभियानातील सर्वांत मोलाचा भाग हाच होय.

घरची भाषा हा मात्र अजूनही दुबळा दुवा आहे. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या मुलाला पहिलीत प्रमाण मराठी जवळजवळ परभाषेसारखी भेटते, आणि त्याचे गप्प राहणे पुष्कळदा मंदपणा समजले जाते. सुरुवातीचे काही महिने त्याच्या बोलीतील गाणी, गोष्टी व सूचना वर्गात ऐकू आल्या, तर ते लवकर बोलके होते; त्यासाठी ती बोली जाणणारी अंगणवाडी सेविका मोठा आधार ठरते. ऊसतोड कामगारांच्या मुलांचा प्रश्न निराळा आहे. साखर हंगामात साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत ती आईवडिलांसोबत फडावर असल्याने त्यांची अंगणवाडी बुडते. अशा मुलांना मेळाव्याचा एक दिवस पुरत नाही. पहिलीच्या वर्गातच त्यांना खेळ, गप्पा व हाताच्या कामांसाठी अधिक अवधी द्यावा लागतो.