माळ लांबली, पण कावीळ कशानं उतरली?

इंदौरला पावसाळा लागला की काविळीच्या केसेस वाढायला लागतात आणि मग एकच सल्ला सुरू होतो, अमुक ठिकाणी एक जण पीलिया झाडतो, हमखास गुण येतो, जाऊन या. सल्ला देणारी माणसं अडाणी असतात असं मुळीच नाही. रामबागेतल्या ओळखीच्या एक काकू, जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या, त्यासुद्धा नातवासाठी अशाच झाडणाऱ्याकडून गळ्यात घालायची माळ घेऊन आल्या. माळ रोज थोडी थोडी लांबत गळ्यापासून पोटापर्यंत आली, म्हणजे कावीळ उतरतेय, आणि थोड्या आठवड्यांत पोरगा खेळायलाही लागला. डोळ्यांनी बघितलेलं खोटं कसं म्हणायचं?

ती माळ एकदा हातात घेऊन नीट बघा. हिरव्या काडीचे बारके तुकडे, प्रत्येक तुकडा दोऱ्याच्या फासात आवळलेला. काडी ओली असते तोवर फास घट्ट, वाळली की ती आकसते, फास ढिला पडतो, त्यात अडकलेला दोरा मोकळा होतो आणि माळ लांबते. तशीच दुसरी माळ भिंतीवरच्या खिळ्याला टांगून ठेवा, तीही लांबेल, तिथे ना पेशंट आहे ना कावीळ.

खिळ्याचा प्रयोग अगदी साधा दिसतो पण मला वाटतं विज्ञानाची निम्मी ताकद त्यातच आहे, कारण एरवी आपण फक्त "घातली आणि बरा झाला" एवढंच बघतो, न घालता काय झालं असतं ते बघायला आपल्याकडे काहीच नसतं. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्यात माणूस झाडणाऱ्याकडे जातो तोच त्रास भरात आल्यावर, म्हणजे पुढे उतार पडायचाच होता. आणि ज्यांना गुण आला नाही ते हॉस्पिटलात जातात, झाडणाऱ्याच्या दारात परत येऊन सांगत बसत नाहीत. काविळीचाच दुसरा प्रकार, हिपॅटायटिस ई, गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर २० ते २५ टक्क्यांपर्यंत बायका दगावू शकतात. त्यांची गोष्ट कुणाच्या तोंडून येणार? म्हणून घरात कावीळ दिसली की आधी रक्त तपासा आणि डॉक्टरांना दाखवा, हे मी अगदी कळकळीनं सांगतोय.

न घालता काय झालं असतं, हे माणसांच्या बाबतीत बघायचं कसं? ब्रिटनमध्ये टीबीवर स्ट्रेप्टोमायसिन नवीन आलं तेव्हा औषध सगळ्यांना पुरेल इतकं नव्हतंच, म्हणून १०७ पेशंट घेतले आणि कुणाला औषध द्यायचं ते डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, बंद पाकिटांतून. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ मृत्यू, दुसऱ्यात १४. पण नुसत्या विश्रांतीवरही काही जण चांगले सुधारले होते! त्यांना कुणी माळ घातली असती तर सगळं श्रेय माळेला गेलं असतं. शिवाय एक्सरे वाचणाऱ्यांना पेशंट कुठल्या गटातला ते सांगितलेलंच नव्हतं, कारण माहीत असलं की डोळ्यांना हवं ते दिसतं, मग तो डॉक्टर कितीही प्रामाणिक असो. हे १९४८ साली छापून आलं आणि पुढे औषधं तपासायची रीतच बदलली.

आपल्याकडे २००८ मध्ये जयंत नारळीकरांनी पुण्यात असंच केलं, कुंडलीच्या बाबतीत. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका तयार करून घेतल्या, नावं काढून टाकली, प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका पाठवल्या आणि म्हटलं, यातली कुठली हुशार मुलाची, कुठली मतिमंद मुलाची ते सांगा. ज्योतिषी समोर बसून आपल्याला बघत बघत बोलतो तेव्हा आपणच अर्धं उत्तर देऊन टाकतो (कपडे, वय, चेहऱ्यावरची काळजी), इथे तो रस्ताच बंद. किती बरोबर आली तर मान्य करायचं तेही निकाल हातात यायच्या आधीच पक्कं होतं, ४० पैकी निदान २८. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, कारण आकडे आल्यावर रेघ ओढायला बसलं की ती आपल्या सोयीच्या जागी ओढली जाते, आणि इथे जास्तीची बरोबर आली असती तर नारळीकरांनाही ते मान्यच करावं लागलं असतं.

२७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सगळी मिळून ४६ टक्के बरोबर, नाणं उडवलं तरी ५० च्या आसपास येतात. सगळ्यात चांगला होता त्याची ४० पैकी २४.