दुर्मीळ ध्वनिमुद्रणे, आंतरजालावरील

जगाच्या निरनिराळ्या भागांत ध्वनिमुद्रित झालेले, पण बाजारातून नाहीसे झालेले किंवा मुळात विक्रीसाठी नसलेले संगीत आंतरजालावर शोधण्याची, ओळखण्याची व ऐकण्याची प्रथा. मेणाच्या नळकांड्यांवरील क्षेत्रीय मुद्रणे (गाणाऱ्यांच्या ठिकाणी जाऊन केलेली), लाखेच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या, नभोवाणीच्या फिती आणि स्थानिक बाजारापुरत्या निघालेल्या कॅसेटी ही तिची मुख्य साधने होत. प्रती थोड्या उरल्या की गाणे दुर्मीळ, ही संग्राहकांची जुनी व्याख्या आंतरजालावर अपुरी पडते. तेथे एका प्रतीवरून हजारो श्रोते ऐकू शकतात. पण गायकाचे नाव, स्थळ, साल व तबकडीचा क्रमांक यांची नोंद नसेल, तर चढवलेले गाणेही कोणाच्या हाती लागत नाही. म्हणून या विषयाचा विचार नोंदींच्या अंगाने करणे इष्ट ठरते.

पूर्वपीठिका : क्षेत्रीय ध्वनिमुद्रणाचा आरंभ सामान्यतः मार्च १८९० हा मानतात. अमेरिकेच्या मेन राज्यात जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी पासामाक्वॉडी या मूलनिवासी लोकांची गाणी व कथा फोनोग्राफवर उतरवून घेतल्या. व्हिएन्ना येथील ध्वनिसंग्रह १८९९ मध्ये स्थापन झाला. बर्लिनच्या संग्रहाचा उगम १९०० सालचा असून मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांनी शहरात आलेल्या सयामी (थाई) नाटकमंडळीच्या केलेल्या मुद्रणांपासून तो सुरू झाला. एरिख फोन हॉर्नबॉस्टेल यांच्या काळात जगभरातील प्रवासी, मिशनरी व संशोधक यांनी पाठवलेली नळकांडी तेथे जमा झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर यांतील मोठा भाग सोव्हिएट रशियात गेला, पुढे पूर्व बर्लिनमध्ये आला आणि जर्मनीच्या एकीकरणानंतर मूळ संग्रहात परतला. १९९९ मध्ये युनेस्कोने हा संग्रह जागतिक स्मृतिपटात नोंदवला.

व्यापारी कंपन्यांनी विक्रीसाठी काढलेल्या तबकड्या हा दुसरा, संख्येने कितीतरी मोठा प्रवाह. विद्यापीठांनी त्यांकडे दीर्घकाळ दुर्लक्ष केले. त्या टिकल्या त्या बहुतांशी हौशी संग्राहकांच्या घरांत.

भारतातील पहिल्या मुद्रणाचा प्रश्न : गौहरजान यांची १९०२ मधील तबकडी ही ‘भारताची पहिली ध्वनिमुद्रिका’ असल्याचे विधान आंतरजालावर शेकडो ठिकाणी आढळते. ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रणतज्ज्ञ फ्रेड गेसबर्ग १९०२ च्या उत्तरार्धात कोलकात्यात आले. मायकेल किनियर या ध्वनिमुद्रिकांच्या ऑस्ट्रेलियन सूचिकाराने कंपनीच्या कागदपत्रांवरून केलेल्या मांडणीप्रमाणे ८ नोव्हेंबर रोजी शशिमुखी व फणिबाला या रंगभूमीवरील दोन तरुणींची गाणी प्रथम मुद्रित झाली आणि गौहरजान यांचे मुद्रण ११ नोव्हेंबरला झाले. त्याही आधी, १८९९ मध्ये, लंडनमध्ये राहणाऱ्या काही भारतीयांचे आवाज याच कंपनीने तबकड्यांवर घेतले होते. त्यांत कॅप्टन भोलानाथ व डॉ. हरनामदास ही नावे येतात. कोलकात्यात हेमेंद्रमोहन बोस यांनी नळकांड्यांवर केलेली मुद्रणे बव्हंशी नष्ट झाल्याने त्यांचा क्रम लावणे कठीण जाते. ‘भारतात, तबकडीवर, व्यापारी हेतूने’ अशी तिन्ही विशेषणे लावली तरी पहिला मान ८ नोव्हेंबरच्या मुद्रणांकडे जातो. किनियर यांची मांडणी मूळ नोंदवह्यांवर आधारलेली असल्याने तीच ग्राह्य धरणे योग्य वाटते. गौहरजान यांची थोरवी यामुळे कमी होत नाही. भारतीय कलावंतांपैकी तबकडीमुळे सर्वदूर कीर्ती मिळालेल्या त्या आरंभीच्या गायिका होत, असे म्हणता येईल.

याला जोडून दुसरा वाद आहे. गाण्याच्या शेवटी ‘माय नेम इज गौहरजान’ असे उच्चारण्याची पद्धत का पडली? तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे दाबल्या जात आणि तेथील कामगारांना गायक ओळखता यावा म्हणून ही घोषणा केली जाई, असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. ते काही अंशी खरे असू शकेल. तथापि नळकांड्यांवर नावाची चिठ्ठी चिकटवण्यास सोयीची जागा नसल्याने अमेरिकेतही गाण्याआधी नाव व शीर्षक उच्चारण्याचा प्रघात होता. भारतीय घोषणा हा त्याच प्रघाताचा विस्तार मानणे अधिक सयुक्तिक दिसते. कारण काहीही असो, आज कागदी लेबल झिजलेली तबकडी ओळखताना हा उच्चार फार मोलाचा ठरतो. डिजिटल प्रत करताना शेवटचे काही सेकंद ‘निरर्थक’ समजून कापणे म्हणूनच टाळले पाहिजे.

फेऱ्यांचा प्रश्न : जुन्या मुद्रणांचा आंतरजालावरील आवाज मूळ आवाजाशी कितपत जुळतो, हे मुख्यतः तबकडी कोणत्या गतीने फिरवली यावर अवलंबून असते. ‘७८ फेऱ्या’ ही संज्ञा आरंभीच्या तबकड्यांच्या बाबतीत ढोबळच समजावी. विद्युत्-चलित यंत्रे रूढ झाल्यावर गती स्थिर झाली. ६० हर्ट्झच्या विजेवर ती ७८.२६ व ५० हर्ट्झच्या विजेवर ७७.९२ अशी येते. त्यापूर्वीच्या मुद्रणांत सत्तरीच्या थोड्या वरपासून ऐंशीच्या पलीकडेपर्यंत फरक आढळतात. ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ ने वाजवली, तर स्वर जवळजवळ अर्ध्या सुराने चढतो आणि तीन मिनिटांचे गाणे सुमारे नऊ सेकंद आधी संपते. गायकाची पट्टी, तानेची दाणेदारता, लय या सर्वांबद्दल त्यामुळे चुकीची मते बनतात.

पाश्चात्य वाद्यवृंदाच्या बाबतीत ठरलेल्या स्वरपट्टीवरून गती पडताळता येते. भारतीय संगीतात षड्ज गायकागणिक बदलतो, त्यामुळे ही कसोटी लागू पडत नाही. साथीला पेटी असल्यास तिच्या पट्ट्यांवरून अंदाज बांधता येतो, पण पेट्यांची जुळणीही एकसारखी नसे. त्याच गायकाच्या त्याच सुमारास निघालेल्या इतर तबकड्यांशी तुलना करणे हा सध्या तरी त्यातल्या त्यात विश्वसनीय मार्ग होय. मात्र त्यासाठी संग्राहकाने कोणत्या गतीने प्रत केली हे लिहून ठेवलेले असावे लागते, आणि तसे क्वचितच घडते.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण भारताबाहेरचे आहे. छपाईचा व्यवसाय करणारे फ्रेंच गृहस्थ एदुआर-लेऑं स्कॉत द मार्तेंव्हील यांनी ९ एप्रिल १८६० रोजी काजळीच्या कागदावर उमटवलेली ध्वनिरेषा २००८ मध्ये संगणकाच्या साहाय्याने ऐकता येईल अशी करण्यात आली. प्रथम तो आवाज स्त्रीचा किंवा मुलाचा वाटला. पुढे गती दुपटीने जास्त धरली गेल्याचे लक्षात आले. दुरुस्त प्रतीत संथ पुरुषी आवाज ऐकू येतो व तो बहुधा स्वतः स्कॉत यांचाच असावा. सुईचा स्पर्शही न करता तबकडी किंवा नळकांडे प्रकाशाने वाचण्याचे तंत्र कार्ल हेबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत विकसित केले. तडकलेल्या किंवा बुरशी लागलेल्या नळकांड्यांसाठी ते वरदान ठरले आहे.

प्रमुख संग्रह : अमेरिकेतील इंटरनेट आर्काइव्हच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या प्रकल्पात एका तबकडीची प्रत निरनिराळ्या मापांच्या चार सुयांनी एकाच वेळी घेतली जाते व सर्व प्रती श्रोत्यासमोर ठेवल्या जातात. ही पद्धत अभ्यासाच्या दृष्टीने आदर्श होय, कारण निवड श्रोत्याच्या हाती राहते. फ्रान्समध्ये म्युझे द लॉम या संग्रहालयाची मुद्रणे २०११ पासून आंतरजालावर येऊ लागली. अमेरिकन लोकसंगीत-संग्राहक ॲलन लोमॅक्स यांच्या संग्रहातील हजारो मुद्रणेही ऐकता येतात. जगातील गायनशैलींची ३७ निकषांवर तुलना करण्याच्या त्यांच्या पद्धतीवर बरीच टीका झालेली आहे, पण तिच्यावर उभारलेला ‘ग्लोबल जूकबॉक्स’ हा नकाशा २०१७ पासून खुला असून नवख्या श्रोत्याला दूरदूरच्या गायकीपर्यंत नेण्यास तो उपयोगी पडतो. मोझेस ॲश यांनी १९४८ मध्ये काढलेली फोकवेज ही कंपनी १९८७ मध्ये अमेरिकेतील स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेकडे गेली, ती एकही शीर्षक बंद न करण्याच्या अटीवर. जुन्या माहितीपुस्तिकांसह तिचा साठा आज उपलब्ध आहे.

ब्रिटिश लायब्ररीचे ध्वनिसंकेतस्थळ ऑक्टोबर २०२३ मधील सायबर हल्ल्यानंतर बंद पडले. आंतरजालावर आलेले संगीत कायमचे सुरक्षित झाले, ही समजूत किती कच्ची आहे हे त्यावरून दिसून आले.

वैयक्तिक संग्राहकांचे कार्य संस्थांच्या तोडीचे आहे. ब्रायन शिमकोविट्झ यांनी घानामधून आणलेल्या कॅसेटी २००६ पासून आंतरजालावर ऐकवण्यास आरंभ केला. त्यातून अटा काक या जवळजवळ अज्ञात घानाई गायकाची १९९४ ची कॅसेट श्रोत्यांना भावली आणि बऱ्याच शोधानंतर गायकाचा पत्ता लागून २०१५ मध्ये ती अधिकृतपणे पुन्हा निघाली. इथिओपियाचे वादक हायलू मेर्गिया वॉशिंग्टनमध्ये टॅक्सी चालवत होते. त्यांची १९८५ ची कॅसेट २०१३ मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर ते रंगमंचावर परतले. जोनाथन वॉर्ड यांनी २००७ पासून आशिया व आफ्रिकेतील लाखेच्या तबकड्या टिपणांसह प्रसिद्ध केल्या. टिपण किती नेमके असावे याचा त्यांनी वस्तुपाठच घालून दिला आहे.

शोधाची पद्धती : शिफारशींवर चालणारी संकेतस्थळे आधीच ऐकले गेलेले पुढे करतात, त्यामुळे खरोखर अनोळखी मुद्रण त्यांतून निसटते. अनुभवी शोधक लेबलाचे नाव, तबकडीचा क्रमांक आणि लेबलालगतच्या गुळगुळीत भागावर कोरलेला साच्याचा क्रमांक यांवरून शोध घेतात. साच्याच्या क्रमांकांच्या मालिकेवरून मुद्रणाचे स्थळ व साधारण महिना ठरवता येतो. नावांची रोमन वर्णरचना कंपनीगणिक बदललेली असल्याने एकाच गायिकेचे नाव चार-पाच तऱ्हांनी शोधावे लागते. शिवाय मूळ लिपीत शोधल्यास वेगळेच साठे हाती येतात. डिस्कॉग्ज ही २००० मध्ये सुरू झालेली सूची पाश्चात्य मालासाठी समृद्ध आहे, भारतीय ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांसाठी ती अपुरी पडते.

हक्क : भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, पण गीतकार व संगीतकार यांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत चालतात. अमेरिकेत १९२३ पूर्वीची मुद्रणे १ जानेवारी २०२२ रोजी मुक्त झाली. वर उल्लेखिलेल्या तबकड्यांच्या प्रकल्पाबद्दल काही ध्वनिमुद्रण कंपन्यांनी इंटरनेट आर्काइव्हविरुद्ध २०२३ मध्ये दावा दाखल केला होता. कायद्यापलीकडचा प्रश्न ज्यांची गाणी आहेत त्या समाजाच्या संमतीचा. पासामाक्वॉडी लोकांनी फ्यूक्स यांच्या नळकांड्यांच्या प्रती परत मिळवल्या असून कोणते गाणे कोणी ऐकावे हे ते आता स्वतः ठरवतात. हा पायंडा इतरत्रही पडणे अत्यंत आवश्यक आहे.

महाराष्ट्र व गोवा : या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाचे मराठी कार्य जात्यावरील ओव्यांचे होय. हेमा राईरकर व गी पॉइटव्हाँ यांनी पुण्यातून, गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या मदतीने, लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून ग्रामीण भारताविषयीच्या ‘पारी’ या संकेतस्थळावर या ओव्या गायिकेचे नाव, गाव व तालुका यांसह येत आहेत. ज्या बायांची नावे कोणत्याही सूचीत आली नसती, त्यांची ओवी आज त्यांच्या नावानिशी ऐकू येते. जगातील कोणत्याही क्षेत्रीय संग्रहाच्या बरोबरीने ठेवावे असे हे काम आहे.

मुंबईतील ध्वनिमुद्रिका संग्राहकांची संस्था १९९० पासून कार्यरत असून तिच्या नियतकालिकाचे जुने अंक आंतरजालावर वाचता येतात. सुरेश चांदवणकर यांनी ‘यंग इंडिया’ या छापाच्या तबकड्यांची डिजिटल प्रत करण्याचा प्रकल्प ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्याने राबवला. मुंबईच्या एका देशी कंपनीने १९३५ ते १९५५ या काळात काढलेल्या या तबकड्यांवर नवोदित व हौशी गायकांना मोठा वाव मिळाला होता. नाझिर जयराजभॉय यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये पुण्यात सुरू झालेले संगीतशास्त्रीय संग्रहकेंद्र पुढे दिल्लीला व नंतर गुरुग्रामला गेले. केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर या अमेरिकन अवकाशयानांवरील सुवर्णतबकडीत समाविष्ट झाली. जगभरातील अनेक श्रोते प्रथम त्या निमित्तानेच गोव्यातील केरीच्या या गायिकेकडे वळतात व मग तिच्या इतर तबकड्या शोधू लागतात.

कॅसेटींच्या काळाची मात्र नोंद विरळ आहे. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांची भीमगीते व लोकगीते, तमाशाच्या फडांच्या वगांच्या कॅसेटी, कोळीगीते व गोंधळ आंतरजालावर खाजगी चढवणाऱ्यांमुळे मोठ्या संख्येने मिळतात. त्यांवर बहुधा गायकाचे नाव असते. वादक, साल व कंपनी यांचा उल्लेख क्वचितच सापडतो, आणि मूळ वेष्टनाचे छायाचित्र त्याहूनही विरळा.